बाईंचा फ्रेंच

"छान माणूस आहे हो तो," असं बाईंसमोर कोणाबद्दल म्हणायची सोय नव्हती. हातातली बशी खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "छान म्हणजे कसा? अंगठा सांग त्याचा."

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी आमच्या इमारतीखालच्या ग्रोसरीवाल्याचं कौतुक करत होते. मल्याळी माणूस, एक फोन केला की तिसऱ्या मजल्यावर कोथिंबिरीची जुडी पाठवणारा. म्हटलं, "बाई, अंगठा काय, सगळ्यांसारखाच असणार की!"

"मंग तू त्याले पाह्यलंच नाही," बाई म्हणाल्या आणि बशी उचलली.

मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी उगाच मीठ आणायला खाली गेले, घरात मीठ असताना. तर त्या माणसाचा अंगठा पुढून चपटा, ओलसर, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं उघडून उघडून पांढरा पडलेला. संध्याकाळी बाईंना जाऊन सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की उठून मला आलेपाक दिला. त्यानंतर मी जन्मात कोणाकडे नुसतं बघू शकले नाही. ही खोड त्यांनी लावली ती लावलीच.

बाई दुबईतल्या करामा वस्तीत आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. एका इंडियन शाळेत फ्रेंच शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मूळच्या अमरावतीच्या. तोंडातून फ्रेंच निघालं की वाटायचं ही बाई पॅरिसमध्ये वाढली, आणि मराठी निघालं की वाटायचं अमरावतीबाहेर पाऊलच टाकलेलं नाही. माझं माहेर अकोल्याचं निघालं, तेव्हा मी त्यांची हक्काची झाले, आणि आमचे हे ठाण्याचे असूनही 'जावईबापू' झाले. दिसायच्या अशा: सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री. टॅक्सीत बायका मागे बसतात, या ड्रायव्हरशेजारी बसायच्या आणि उतरेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. मी म्हणायचे, "बाई, दहा दिरहमचा प्रवास, सव्वाशे रुपये. त्यात किती ऐकाल?" त्या म्हणायच्या, "एवढ्या पैशात एक पेशावर आणि बायकोच्या भावंडांची दोन भांडणं पाह्यली. महाग आहे का?"

आणि त्यांचा तो फ्रेंच! त्या त्याचं नाव क्वचितच घ्यायच्या. नुसतं 'आमचा फ्रेंच'. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला गोष्टी लिहिणारा. मोठ्या मिशांचा, दणकट, सरकारी कचेरीत कारकुनी करणारा आणि सुट्टी मिळाली की नदीवर होडी वल्हवायला पळणारा. बाई त्याच्याबद्दल असं बोलायच्या की नवीन माणसाला वाटावं, हा शेजारच्या इमारतीत राहतो आणि आत्ता वर येईल. "आमच्या फ्रेंचला कचेरीचा फार कंटाळा, पण त्याने तिथले सगळे कारकून पाहून ठेवले." "आमच्या फ्रेंचला गुरू असा मिळाला की बाप्पा! रस्त्यावरचा घोडा दाखवायचा आणि म्हणायचा, सगळ्या घोड्यांतून हाच ओळखू आला पाहिजे असा लिहून आण." तो गोड शेवट करत नाही, रडत नाही, उपदेश करत नाही, जसं आहे तसं सांगतो आणि गप्प होतो, याचा बाईंना फार अभिमान होता.

माझी लेक तेव्हा नववीत. आमच्या सगळ्यांच्या मुलांनी फ्रेंच घेतलं होतं ते काही साहित्याच्या प्रेमापोटी नाही. 'स्कोअरिंग सब्जेक्ट' म्हणून. हिंदीत मार्क कापतात, फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी, असं कोणीतरी कोणाला तरी सांगितलं आणि अख्ख्या करामाची मराठी पोरं फ्रेंच शिकू लागली. बाईंना हे माहीत होतं. त्या मार्कही देत, पण आधी पोरांना त्यांच्या फ्रेंचच्या गोष्टी सांगत, आणि त्याच्या आयुष्याची गोष्ट तर दर वर्षी. लेक घरी येऊन म्हणायची, "मॉम, शी इज सो वियर्ड. शी टॉक्स अबाउट हिम लाइक ही इज हर ब्रदर." मी म्हणायचे, "असू दे. तू मार्क आण."

या आयुष्याच्या गोष्टीत एक गंमत होती. बाई ती नेहमी एका जागी थांबवायच्या. तो नाव मिळवतो, त्याच्या गोष्टी घरोघरी वाचतात, आणि तो स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बोटीत बसून उन्हात समुद्रावर जातो. बस्. त्यांच्याकडे त्याच्या चरित्राचं एक जाडजूड फ्रेंच पुस्तक होतं, त्यात अंगठा घालून बसायच्या आणि तिथवर आल्या की म्हणायच्या, "चला, तास झाला." मला तेव्हा वाटायचं, तास खरंच संपत असेल.

मग दुबईची ती मंदी आली. शेख झायेद रोडच्या पलीकडे रात्रंदिवस फिरणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. रोज कोणाचा तरी फोन. "त्यांना पण सांगितलं." काय सांगितलं हे विचारायला लागायचं नाही. व्हिसा कॅन्सल झाला की महिनाभरात चंबूगबाळं आवरून निघायचं, त्यामुळे दर शुक्रवारी कोणाकडे तरी निरोपसमारंभ. त्याची एक पद्धतच पडून गेली. निघणाऱ्याने घरातलं सामान वाटायचं, कोणाला मिक्सर, कोणाला पडदे, कोणाला गणपतीचं मखर. राहणाऱ्यांनी पावभाजी करायची आणि भाषणं ठोकायची. भाषणंही ठरलेली. वहिनींच्या हातची पुरणपोळी, भाऊंचा परोपकारी स्वभाव, आणि 'दुबईचं नुकसान, भारताचा फायदा'. हे वाक्य इतक्या वेळा झालं की पोरं ते आधीच ओठ हलवून म्हणायची.

अशाच एका शुक्रवारी बाई उठल्या. "मी भाषण करत नाही. गोष्ट सांगतो," म्हणाल्या.

निघालेला माणूस साइट इंजिनियर होता. सगळ्यांना सांगत होता, सुटलो बुवा एकदाचा या उन्हातून. बाईंनी गोष्ट सांगितली ती अशा एका माणसाची, ज्याला आपलं साइटवरचं पांढरं हेल्मेट खोक्यात मावत नव्हतं. घालायचा, काढायचा. आईसाठी घेतलेला थर्मास बाहेर ठेवून बघायचा, पुन्हा थर्मास आत. शेवटी तो हेल्मेट डोक्यावर घालूनच विमानतळावर गेला. तपासणीवाल्याने विचारलं, "साहेब, इथे डोक्यावर काय पडणार आहे?" आणि त्याने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आणखी घट्ट केला. एवढीच गोष्ट. आम्ही हसलो, आणि मग त्या माणसाने चष्मा काढून पुसायला घेतला तेव्हा कोणाला हसवेना.

त्या दिवसापासून निघणारा प्रत्येक जण बाईंना बोलवायला लागला. पण बाईंची अट असायची. ज्या दिवशी सामान भरणार त्या दिवशी त्या येऊन बसणार. मदत करणार नाहीत. सोफ्यावर बसणार, चहा पिणार आणि बघणार. "माणूस सामान भरताना खरा दिसते," म्हणायच्या. "काय टाकते, काय ठेवते, आणि काय टाकल्यासारखं करून परत उचलते, एवढं पाहायचं. आमच्या फ्रेंचला करामात आणून सोडला असता तर त्याने हेच केलं असतं." बायका वैतागायच्या. घरात पसारा, पोरं रडतायत, आणि ही बाई मधोमध बसून तिसऱ्यांदा चहा मागते आहे!

सगळ्यांनाच त्या पचल्या असं नाही. आमच्या मराठी मंडळाचे एक पदाधिकारी निघाले, तेव्हा आठवडाभर त्यांच्या तोंडी एकच, मातृभूमीची हाक आली, आईवडिलांसाठी जातोय. बाईंनी शुक्रवारी सांगितलं, "एका माणसाला मातृभूमीने हाक मारली. तो निघाला. पण दोहाच्या एका कंपनीचा फोन आला की तो बाल्कनीत जायचा, भर उन्हात, दार लावून. सामान विमानात चढलं, तोही चढला, कान तेवढे बाल्कनीत राहिले." आणि पहिलं हसू फुटलं ते त्यांच्या बायकोला. ते न जेवताच उठले. दुसऱ्या दिवशी फोनाफोनी झाली, बाईंना यापुढे बोलवायचं नाही. कुठे काय बोलावं याला काही सुमार? मीही मान डोलावली. तरी निघणारे लोक गुपचूप जिना उतरून त्यांच्याकडे जायचेच. आपलं खरं काय ते एकदा ऐकावंसं माणसाला वाटतं बहुतेक.

आणि मग पाळी आमच्यावर आली.

आमचे हे काचेच्या बांधकामाच्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर. त्यांचा टॉवर अर्ध्यापर्यंत काचा लावून तसाच थांबला होता. आधी बिनपगारी रजेवर बसवलं, 'परिस्थिती सुधारली की बोलावतो, इन्शाल्ला' म्हणून. त्या रजेत या माणसाने काय करावं? सगळ्या करामाचं सामान बांधलं. कोणाचा व्हिसा कॅन्सल झाला की हे टेप घेऊन हजर. खोक्याच्या कोपऱ्याला दुहेरी टेप, जड वस्तू तळाला, आणि प्रत्येक खोक्यावर तीन बाजूंनी सुवाच्य अक्षरात आत काय आहे ते. लोक म्हणायचे, भाऊंनी बांधलेलं खोकं फुटत नाही. मला वाटायचं, बरं आहे, मन रमतंय.

मग रजेचं पत्र गेलं आणि नोकरीच गेल्याचं आलं. त्या दिवसापासून ह्यांनी बोलणं टाकलं. "कोणाला सांगू नकोस. निरोप नको, पावभाजी नको. गुपचूप जाऊ," एवढं म्हणाले आणि खलास. जेवण वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. खरं सांगते, मला नोकरीचं दुःख तेवढं नव्हतं. ठाण्याला घर होतं, उपाशी मेलो नसतो. पण हा माणूस पुन्हा माणसांत येतो की नाही, याची मला धास्ती बसली होती. मी आपली त्यांना लागेल असं काही निघू नये म्हणून तोंड मिटून वावरत होते. वस्तू वाटायचं कामही मीच उरकलं. मिक्सर समोरच्या वहिनींना, पलंग खालच्या बॅचलर मुलांना, लेकीची सायकल, पडदे, सगळं. तुळस बाईंना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बाई दारात. कॅनव्हासचे बूट काढले आणि सोफ्यावर जाऊन बसल्या.

"बाई, प्लीज," हे म्हणाले. किती दिवसांनी आवाज ऐकला मी! "आमच्याकडे कार्यक्रम नाहीये."

"कार्यक्रम नसू दे नं. चहा तर असन?"

दुपारपर्यंत बसल्या. हे खोकी बांधत होते, त्या चहा पीत बघत होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. निघाल्या तेव्हा मी मागोमाग जिना उतरले. म्हटलं, "बाई, हात जोडते. तुम्ही कुठे काही सांगणार असाल तर ह्यांच्याबद्दल गोड सांगा हो. माणूस आधीच खचलाय. त्या दोहावाल्यासारखं काही काढाल तर तो उठायचा नाही पुन्हा."

"गोड पाहिजे तर मिठाईवाल्याकडं जा," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी त्या दाराकडे बघत अशा अशा शिव्या घातल्या मनात, की अकोल्याचं नाव निघालं असतं.

शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन. "जावईबापूंना खाली पाठव. एक खोकं बांधायचं आहे. टेप घेऊन ये म्हणावं." बांधायचं आहे म्हटल्यावर हे उठले. मला शंका आली म्हणून मीही गेले. दार उघडलं तर आत माणसंच माणसं! ह्यांनी ज्यांना ज्यांना मदत केली त्यांच्यातले अजून न गेलेले सगळे, समोरच्या वहिनी, बॅचलर मुलं, माझी लेक कोपऱ्यात. समोरच्या वहिनींचे दीर दूरच्या तेलाच्या पट्ट्यातल्या रुवैसहून खरेदीला आले होते, तेही पावभाजीच्या आशेने आलेले. हे दारातच थबकले, हातात टेप. मागे फिरायला गेले तर बाई म्हणाल्या, "बसू नका, उभं राहूनच ऐका," आणि सुरू झाल्या.

"एक माणूस होता. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख टेप सोलून सोलून उभं चिरलं होतं. लोक म्हणत, काय हौस आहे याला दुसऱ्याची खोकी बांधायची! हौस नव्हती. त्याच्या घरी त्याची बायको त्याला काही बोलत नसे. आणि ते न बोलणं त्याला ऐकवत नसे. म्हणून तो दुसऱ्यांच्या घरी जायचा. तिथे बायका नवऱ्यांना चांगलं बोलायच्या, पोरं ओरडायची, आणि त्याला बरं वाटायचं.

"गावातली सगळी घरं त्याने बांधून परत पाठवली. मग एक दिवस त्याच्या घराची पाळी आली. त्याने एक खोकं उभं केलं. तळाला टेप लावली. मग बराच वेळ त्यात बघत बसला. त्याला काही ठेवावंसं वाटेना आणि काही टाकावंसं वाटेना. बायको स्वयंपाकघरातून डोकावेल म्हणून त्याने ते खोकं तसंच बंद केलं. दुहेरी टेप मारली. तीन बाजूंनी आपलं नाव लिहिलं. बाकीच्यांबरोबर रचून ठेवलं.

"निघायच्या दिवशी हमाल आला. त्याने ते उचललं आणि म्हणाला, साहेब, यात काय आहे? फार हलकं आहे.

"तो म्हणाला, जपून ने. नाजूक आहे."

बाई थांबल्या. संपलं.

माझे कान तापले होते. बायको बोलत नसे म्हणे! चारचौघांत! आणि त्याच वेळी मला कळत होतं की यात एक अक्षर खोटं नाही. मी ह्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. मग एक विचित्र आवाज आला. हे हसत होते. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले, लहान मुलासारखे, टेप छातीशी धरून. मी जाऊन शेजारी बसले. म्हणाले, "रिकामंच आहे गं ते. तिसरं खोकं. खरंच रिकामं आहे." म्हटलं, "असू दे. मी भरते त्यात काहीतरी." कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांशी बोललो ते असं, सगळ्या करामासमोर, बाईंच्या उंबऱ्यात.

तेवढ्यात ते रुवैसचे दीर घसा खाकरून पुढे आले. रिफायनरीच्या कामांची कंत्राटं घ्यायचे. दुबई झोपली होती तरी तिकडे तेलाची कामं चालूच होती.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तुम्ही खरंच तीन बाजूंनी लिहिता? म्हणजे ते गोष्टीपुरतं, की खरं?"

"चार बाजूंनी लिहायला पाहिजे," हे डोळे पुसत म्हणाले. "पण चौथी भिंतीकडे जाते."

"अहो, माझ्या यार्डात नुसता उकिरडा झालाय. पंप कुठेय पत्ता नाही, व्हॉल्व्ह कुठेय पत्ता नाही. इंजिनियर आहात, खोकी कळतात, अजून काय पाहिजे? पगार दुबईएवढा नाही देता येणार. पण व्हिसा देतो. यल्ला, उद्या चला माझ्याबरोबर!"

सगळ्यांनी एकदम कल्ला केला. लेक उड्या मारायला लागली, "पापा, से येस! जस्ट से येस!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

या सगळ्यात एकच माणूस संतापलेला होता. बाई! "हे काय करून राहिले तुम्ही लोक?" म्हणाल्या. "इतका चांगला शेवट केला होता, सगळा नासवला. आमच्या फ्रेंचच्या हातात असतं तर त्याने याला विमानात बसवला असता!" आणि तणतणत पाव भाजायला आत गेल्या. मी मागून गेले तर तव्यासमोर उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "धूर झाला नं," आणि गॅस तर अजून पेटवलेलाच नव्हता.

त्यानंतर माझी जी फजिती झाली ती विचारू नका. निरोप झाला, सामान वाटून झालं, आणि आम्ही भारतात गेलोच नाही! घराघरात जाऊन मिक्सर परत मागायचा. समोरच्या वहिनींनी त्यात आधीच चटणी वाटलेली. "घ्या हो, धुऊन देते," म्हणाल्या, पण तोंड उतरलं होतं बिचारीचं. बॅचलर मुलांनी पलंग परत दिला तो एका पायाने अधू होऊन. बाईंनी मात्र तुळस द्यायला साफ नकार दिला. "निरोप घेतला नं? मंग. गेलेल्या माणसाची तुळस कोणी मागते का?"

रुवैस म्हणजे वाळू, समुद्र, रिफायनरीची धुरांडी आणि रांगेने सारखी घरं. ह्यांनी यार्डाचा असा कायापालट केला की लोक बघायला यायचे. बाई ईदच्या सुट्टीत यायच्या, टॅक्सीत पुढे बसून, आणि इतका लांबचा प्रवास म्हणजे ड्रायव्हरच्या आजोबांपर्यंत पोचलेल्या असायच्या. दिवसभर यार्डात छत्री उघडून बसायच्या. "जावईबापू," म्हणायच्या, "तुमचा शेवट बिघडला तो बिघडलाच. पण अंगठा सुधारला."

काही वर्षांनी त्यांच्या शाळेने फ्रेंच बंद करायचं ठरवलं. मंदीत पोरं गेली ती परत तेवढी भरली नाहीत, आणि बाईंची साठीही उलटलेली. व्हिसा पुढे वाढणार नव्हता. मंडळाकडून निरोप नव्हता, कारण ते दोहावाले पदाधिकारी तोवर दुबईत परत येऊन पुन्हा पदावर बसले होते. मी ह्यांना म्हटलं, चला. हे टेप घेऊन, मी चहाचा मसाला घेऊन करामात दाखल.

ह्यांनी आतल्या खोलीत खोकी बांधायला घेतली. मी हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन बसले आणि बाईंकडे बघत राहिले. "काय पाहून राहिली?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "अंगठा." तशा हसल्या.

शाळेची मानपत्रं टाकली. साड्या कामवालीला दिल्या. पुस्तकं माझ्या लेकीसाठी काढून ठेवली, ती तेव्हा कॉलेजात गेली होती. कॅनव्हासचे बूट ठेवले, आणि ते फ्रेंचचं जाडजूड चरित्र. ते खोक्यात ठेवेनात. बंद खोक्यावर बसल्या, चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हाताचा अंगठा पुस्तकात.

मला लेकीने एकदा फोनवर सांगितलं होतं, "मॉम, डू यू नो हाऊ ही डाइड? मॅम नेव्हर टोल्ड अस." तिने वाचलं होतं. त्याला रोग झाला होता, डोळे गेले, मग डोकं. स्वतःच्या गळ्यावर त्याने शस्त्र चालवलं. वेड्यांच्या इस्पितळात गेला, ऐन चाळिशीत, आणि तिथेच संपला. मी ते ऐकून दिवसभर सुन्न होते, जसा काही आमचाच कोणी गेला.

म्हटलं, आता नाही विचारलं तर कधी? "बाई, तुम्ही सगळ्यांचे शेवट खरे सांगता. त्या दोहावाल्याला सोडलं नाही, आम्हाला सोडलं नाही. मग तुमच्या फ्रेंचचा शेवट कधी का नाही सांगितला? दर वर्षी त्याला बोटीत बसवून सोडून देता."

बाईंनी कप खाली ठेवला. आत ह्यांच्या टेपचा करकर आवाज येत होता.

"तुले काय वाटते, मले माहीत नाही?" मग म्हणाल्या. "पाठ आहे मले. पण बाकीची माणसं गोष्टीतली असतात, त्यांचं खरं सांगावं. तो माह्या घरचा आहे नं. घरच्या माणसाचा शेवट कोणी चारचौघांत सांगते का?"

मी उठून त्यांचा कप भरला.

त्या शुक्रवारी त्यांची गोष्ट मी सांगितली. ग्रोसरीवाला, समोरच्या वहिनी, एक पेशावरी ड्रायव्हर आणि आम्ही, एवढेच श्रोते. मी भाषण केलं नाही, छान हा शब्द वापरला नाही. जसं बघितलं तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मधे थोडी लांबली. पण जमन तुले."

परवा अमरावतीहून त्यांच्या भाच्याचा फोन आला होता. भला मुलगा आहे, सगळं सविस्तर सांगत होता. कधी, कुठे, कसं, शेवटी शेवटी काय काय झालं. मी ऐकून घेतलं. ह्यांनाही सांगितलं. त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

तर माझ्या गोष्टीत बाई करामातल्या हॉलमध्ये बंद खोक्यावर बसल्या आहेत. दुपारचं ऊन पडद्यांशिवायच्या खिडकीतून थेट त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांवर आलंय. डाव्या हातात चहा, उजवा अंगठा पुस्तकात, थोडीच पानं उरलेली. एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात आणि मला म्हणतात, "अकोल्याची ना तू? मंग साखर काहून कमी टाकून राहिली?"